काडतूस, गोळी, पुंगळी आणि 'हलका बार'

प्रश्न : एका अमेरिकन नेमबाजाच्या आठवणी मराठीत आणतोय. हा गृहस्थ .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरीच भरतो, शिशाच्या गोळ्या स्वतः ओततो आणि मुद्दाम कमी जोराची ठेवतो. 'कास्ट बुलेट', 'लाइट लोड', 'रीलोडिंग' यांना काय म्हणावं? मी सगळीकडे 'गोळी' लिहून बसलोय.

— पोलिसी बातम्या वाचा, निम्मं काम होईल. झडतीत मिळतात ती 'जिवंत काडतुसं', घटनास्थळी पडलेल्या असतात त्या 'पुंगळ्या' आणि शरीरातून काढतात ती 'गोळी'. तुमचा माणूस गोळी ओततो, रिकामी पुंगळी पुन्हा भरतो आणि काडतूस तयार करतो. 'कास्ट'ला 'ओतीव' आहेच. ओतीव लोखंड म्हणतो तशी ओतीव गोळी. प्रायमर मात्र प्रायमरच राहू द्या. 'रंजक' म्हणजे जुन्या बंदुकीच्या कानात घालायची दारू. प्रायमर म्हणजे पुंगळीच्या बुडाशी बसवलेली, आतली दारू पेटवणारी धातूची वाटी.

— 'लाइट लोड'ला 'हलका बार' चालेल. बार भरतातही आणि उडवतातही, त्यामुळे भरलेली दारू आणि झालेला आवाज दोन्ही त्यात येतात. पण चुकूनही 'फुसका बार' लिहू नका! हलका बार मुद्दाम भरलेला असतो : धक्का कमी, नेम स्थिर. फुसक्या बारात गोळी नळीतच अडकू शकते; ते लक्षात न येता पुढची झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. .३८ स्पेशलची पुंगळी जुन्या काळ्या दारूच्या मापाची. आजची धूररहित दारू तिच्या तळाशी जेमतेम दिसते, म्हणून चुकून दोनदा ओतली तरी बाहेर सांडत नाही आणि दुप्पट बार भरल्याचं कळतच नाही. तुमच्या लेखकाने ही भीती लिहिली असणारच, तिथे शब्द सांभाळा.

— 'ग्रेन'चा 'दाणा' करू नका, अशी विनंती. ग्रेन हे वजन आहे, साधारण ६४.८ मिलिग्रॅम. १४८ ग्रेनची गोळी म्हणजे साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. दारूलाही दाणे असतात, त्यामुळे वाचक पार गोंधळेल.

— गोळीला मेण किंवा चरबी लावतात त्याला 'वंगण' म्हणा, 'तेल' नको. शिसं मऊ असतं (कथील आणि अँटिमनी मिसळून कडक करतात, तरीही) आणि नळीच्या आट्यांना (आतल्या पिळदार खाचांना) चिकटतं. १८५७ ची एनफिल्डची काडतुसं आठवा. शाळेत आपण चरबी आणि धर्म एवढंच शिकलो. ती चरबी तिथे होती कशाला, हे कुणी सांगितलं नाही. ते काडतूसही कागदाचं होतं, आत दारू आणि गोळी. धातूची पुंगळी नंतर आली, शब्द तोच राहिला.

— 'रीलोडिंग'ला एकच मराठी शब्द शोधू नका. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार काडतुसं बनवायला परवाना लागतो. घरगुती छंदच नाही तर त्याची बोली कुठून येणार? 'काडतुसं भरणे' पुरे. क्रियापद वापरा, नाम गाळा.

प्रश्नकर्ता : आभार. 'पुंगळी' माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 'वाडकटर' उरला.

— सपाट तोंडाची गोळी. कागदी निशाणाला स्वच्छ गोल भोक पडतं, गुण मोजायला सोपं. पहिल्यांदा एवढं सांगा, पुढे 'वाडकटर' खुशाल लिहा.