बोटाला सुपरग्लू कुणी लावला?

ए-३०२ देशपांडे: तासाभरापूर्वी खेळताना आमच्या पोराचं बोट कापलं. त्यावर सुपरग्लू कुणी फासला, एवढंच विचारतेय. राग नाही 🙂

बी-१०४ सावंत: रक्त थांबलं ना? व्हिएतनामच्या युद्धात सैनिकांच्या जखमांवर फवारला होता.

सी-५०१ डॉ. पाटील: दवाखाना गाठेपर्यंत, सावंत. दवाखान्यातला ग्लू ऑक्टिल किंवा ब्युटिल सायनोअ‍ॅक्रिलेट. घरातला बहुधा इथिल. तो घट्ट होताना तापतो, कातडीला त्रास देतो. वैद्यकीय ग्लूसुद्धा जखमेच्या आत घालत नाहीत. कडा जुळवून फक्त वरून. खोल, मळलेल्या, चाव्याच्या, सांध्यावरच्या जखमेला तोही नको. आधी १० मिनिटं स्वच्छ कापड न उचलता दाबून धरायचं.

डी-२०३ कुलकर्णी काका: ओल्या ग्लूवर कापूस लावू नका.

देशपांडे: लावलाय. धूर निघाला म्हणे.

काका: म्हणूनच म्हटलं. कापूस लावू नका.

ए-१०१ शिंदे (खजिनदार): विषय निघालाच आहे तर, लेटरबॉक्सचं दार तिसऱ्यांदा निखळलं. कुणी चिकटवलं, नाव घेत नाही.

सावंत: घ्या ना! अख्खी ट्यूब ओतली, स्वतःच्या पैशांची.

काका: तिथेच चुकलं. हा ग्लू हवेतल्या ओलाव्याने धरतो. जाड थर वरून सुकतो, आत चिकट राहतो. एक थेंब, मिनिटभर दाब, २४ तास हात नको. आणि बिजागरीला झटके बसतात, झटक्याला हा ठिसूळ. तिथे स्क्रू लावा, नाहीतर इपॉक्सी. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीनला तर प्रायमरशिवाय धरतच नाही.

शिंदे: म्हणजे नवा खर्च. मीटिंगमध्ये ठेवतो.

देशपांडे: चालू द्या तुमचं लेटरबॉक्स. त्याची दोन बोटंही चिकटलीत.

पाटील: ओढू नका! कोमट साबणाच्या पाण्यात बुडवा, चमच्याच्या बोथट दांड्याने हळूहळू सोडवा. अखंड कातडीवर अ‍ॅसिटोन चालेल. जखमेवर आणि डोळ्यांजवळ अजिबात नाही. भाजलेला भाग २० मिनिटं नळाखाली धरा. कापूस उपटू नका, तसंच घेऊन या. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी दिलंय?

काका: कापूस लावू नका.

सावंत: अ‍ॅसिटोनची बाटली आणून देतो. मघाशीच काढून ठेवली होती.

देशपांडे: मघाशीच?