जुनी तक्रार आता करता येते का? अर्जंट मदत हवी आहे

रानजाई:
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येते. शाळेतल्या शिक्षकाने लहानपणी केलेल्या लैंगिक छळाची तक्रार आता करता येते का? काल आमच्या भागातल्या पोलीस स्टेशनला जाऊन आलो. अंमलदाराने पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि "इतक्या वर्षांनी पुरावा कुठून आणणार? शिवाय शाळा आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा" म्हणून वाटेला लावलं. त्या सरांचा येत्या रविवारी माजी विद्यार्थ्यांतर्फे सत्कार आहे, ग्रुपवर 501 रुपये वर्गणी मागताहेत. त्याच्या आत काहीतरी हलायला हवं. कृपया 'समुपदेशन घ्या' नको, कायद्याचं सांगा.

धडपड्या:
किती वर्षांनी? तेव्हा वय काय होतं? एवढं तरी लिहा ताई, नाहीतर सगळे अंधारात दगड मारणार.

बंड्या_डोंबिवली:
कायदा-बियदा सोडा. सत्काराच्या दिवशी फेसबुकवर फोटो आणि नावासकट पोस्ट टाका. रविवारच्या आत सत्कार रद्द. लिहून ठेवा.

शुभदा_के:
तुम्ही नको म्हणालात तरी सांगते, आधी समुपदेशकाकडे जा. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत असंच झालं होतं. केस लढायला बळ लागतं, ते आधी गोळा करावं लागतं.

अ‍ॅडव्होकेट_कट्ट्यावर:
बंड्या, तुम्ही सांगताय तो बदनामीचा खटला ओढवून घ्यायचा सोपा रस्ता आहे. रानजाई, घटना कोणत्या वर्षीची? पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे आणि तो मागच्या तारखेने लागत नाही. त्याआधीची असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेतच बघावं लागेल. विनयभंगाच्या 354 ला तेव्हा कमाल दोन वर्षं शिक्षा होती, त्यामुळे न्यायालयाने दखल घेण्याची मुदत तीन वर्षं. बलात्काराच्या 376 ला मुदतच नाही. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू होतं ते तारखेवर ठरेल.

बंड्या_डोंबिवली:
बदनामी कसली? पत्रकार प्रिया रमाणींवर एम. जे. अकबरांनी केलेल्या बदनामीच्या खटल्यात 2021 ला दिल्लीच्या कोर्टाने सांगितलंच की, कित्येक वर्षांनीही, कुठल्याही व्यासपीठावर बाई बोलू शकते.

अ‍ॅडव्होकेट_कट्ट्यावर:
तो दिल्लीतल्या कनिष्ठ न्यायालयाचा निकाल, महाराष्ट्रातल्या न्यायालयावर बंधनकारक नाही. आणि रमाणींना तो मिळेपर्यंत दोन वर्षांहून जास्त तारखा खाव्या लागल्या, ते विसरू नका.

मास्तरीण_बाई:
मी 22 वर्षं अनुदानित शाळेत आहे. शाळेच्या अंतर्गत तक्रार समितीकडे अर्ज द्या, पोलिसांआधी तेच करायचं असतं. आणि महिला-बालकांसाठी मनोधैर्य योजना आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून भरपाई मिळते.

धडपड्या:
बाई, ती समिती 2013 च्या कायद्याची, कामाच्या ठिकाणच्या महिलांसाठी. विद्यार्थ्यावरचा गुन्हा समितीत मिटवायचा नसतो. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे थेट पोलिसांना कळवायचं, आणि न कळवणाऱ्याला कलम 21 लागतं. 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने राजुऱ्याच्या वसतिगृहाच्या प्रकरणात हेच बजावलं. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणातही 2024 मध्ये आरोपीपाठोपाठ संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर गुन्हा झाला.

निवृत्त_हवालदार:
बदलापूरचं नाव काढू नका, त्यावर एन्काउंटरचा वाद सुरू होईल आणि धागा वाहून जाईल. ताई, अंमलदार लेखी काही देत नसतो. तुमचा तालुका कोणता ते सांगा, ओळखीने होईल.

धडपड्या:
ओळखीने कशाला? सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालात 2013 लाच ठरलंय, दखलपात्र गुन्हा सांगितला की एफआयआर नोंदवावाच लागतो. हद्दीचं कारणही चालत नाही, शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याला पाठवतात. लेखी अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का-सहीची पोच घ्या. नाही घेतला तर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, शहर असेल तर आयुक्तांना. तरीही नाही तर दंडाधिकारी किंवा विशेष न्यायालय.

निवृत्त_हवालदार:
पोस्टाने पाठवून रविवारच्या आत काय होणार, ते पण सांगा. 31 वर्षं नोकरी केली आहे मी.

रानजाई:
एवढ्या प्रतिक्रिया बघून बरं वाटलं, पण थोडा घोळ झालाय. 376 चं कशाला सांगताय? हे माझ्या धाकट्या भावाबद्दल आहे. मला वाटलं लिहिलंय मी. तो आठवीत होता, 2012-13 चं वर्ष. आता 26 चा आहे. घरात कुणाला काही माहीत नव्हतं. परवा ग्रुपवर सत्काराचा मेसेज आला, त्याने ग्रुप सोडला आणि मला फोन केला.

अ‍ॅडव्होकेट_कट्ट्यावर:
हे आता सांगताय! माझ्या वरच्या उत्तरातला निम्मा भाग बाद. 354 आणि 376 स्त्रियांसाठीच होते. मुलाच्या बाबतीत पोक्सोआधी मोठं कलम एकच, अनैसर्गिक संभोगाचं 377, आणि तेही ठरावीक कृत्यांनाच लागायचं. बाकी स्पर्श वगैरे त्यात बसत नाही, तिथे कायद्यात पोकळीच होती. पोक्सो मात्र मुलगा-मुलगी भेद करत नाही. म्हणून एकच प्रश्न: 14 नोव्हेंबर 2012 च्या आधी की नंतर?

शुभदा_के:
एखादी तारीख इतकी महत्त्वाची? छळ आठवडाभर आधी झाला असेल तर तो गुन्हा नाही?

अ‍ॅडव्होकेट_कट्ट्यावर:
गुन्हा ठरेलही, पण कलम वेगळं, शिक्षा वेगळी. राज्यघटनेचं कलम 20(1) आहे, नव्या कायद्याने जुन्या कृत्याला शिक्षा देता येत नाही.

रानजाई:
तारीख कशी सांगणार? सहामाहीच्या आसपास सुरू झालं म्हणतो, गॅदरिंगच्या तालमींना वाढलं. आठवीतल्या पोराला तारखा थोड्याच आठवतात?

मास्तरीण_बाई:
आठवतात, विचारायची पद्धत वेगळी. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 13 नोव्हेंबरला होतं, पाडवा 14 ला. म्हणजे कायदा लागू झाला तो दिवस नेमका पाडव्याचा, शाळा सुट्टीवर. बाळासाहेब गेले 17 ला. म्हणून "तारीख सांग" म्हणू नका. "दिवाळीच्या सुट्टीनंतर काय झालं" एवढंच विचारा, आणि उत्तर त्याच्या तोंडात घालू नका. गॅदरिंग बहुतेक डिसेंबर-जानेवारीत असतं.

निवृत्त_हवालदार:
बाईंनी बरोबर सांगितलं. आम्हीपण असंच विचारायचो, सण, परीक्षा, क्रिकेटची मॅच.

शुभदा_के:
विषय निघालाच आहे तर, माझ्या मुलाच्या शाळेत सीसीटीव्ही फक्त गेटवर आहे. कुणाकडे तक्रार करायची?

धडपड्या:
नवीन धागा काढा ना प्लीज.

रानजाई:
रात्री बोलले त्याच्याशी. दिवाळीनंतरचं विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सचिनने वनडे सोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी रडत होतो, सर म्हणाले सचिनसाठी रडतोस का." आत्ता बघितलं, 23 डिसेंबर 2012, रविवार. म्हणजे सोमवारचं. पुढे मी काही विचारलं नाही.

मास्तरीण_बाई:
ठीक केलंत. अजिबात विचारू नका.

अ‍ॅडव्होकेट_कट्ट्यावर:
मग पोक्सो लागतो. शाळेच्या कर्मचाऱ्याने केलेला लैंगिक हल्ला कलम 9 मध्ये येतो, कलम 10 प्रमाणे 5 ते 7 वर्षं. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदत नाही, उशिराचं कारण मात्र सांगावं लागतं. शिक्षा 2012 च्याच मूळ तरतुदीने. दिवाळीच्या आधीचंही अर्जात लिहा, वगळू नका, कलम लावायचं काम पोलिसांचं. शाळेच्या त्या वर्षीच्या हजेरीपटाची आणि जनरल रजिस्टरच्या नोंदीची मागणी तपासात होईल, गॅदरिंगचा फोटो असेल तर जपून ठेवा. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा मात्र साधारण 18 नंतर तीन वर्षांत करायचा असतो, ती वेळ गेली.

रानजाई:
आणि तेव्हाचे मुख्याध्यापक? आईने त्याला शाळा बदलून द्या म्हणून अर्ज केला होता, त्यांनी "मुलाला समज द्या" म्हणून परत पाठवलं. आईला कारण माहीत नव्हतं, पण त्यांना होतं असं भाऊ म्हणतो.

अ‍ॅडव्होकेट_कट्ट्यावर:
पोक्सोचं कलम 21(2), न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कमाल एक वर्ष. त्यामुळे मुदतही एक वर्षाची, ती कधीच उलटली. उशीर माफ करायचा अर्ज करता येतो, पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

मास्तरीण_बाई:
तो शिक्षक अजून नोकरीत आहे का? हे कुणीच विचारलं नाही!

रानजाई:
हो. सत्कार 25 वर्षं सेवेचा आहे. आठवीलाच शिकवतो.

धडपड्या:
मग हे फक्त जुनं प्रकरण नाही. कलम 19 गुन्हा घडण्याची भीती वाटली तरी लागतं. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, तेही त्याच कलमात आहे.

मास्तरीण_बाई:
शिक्षणाधिकारी माध्यमिक, जिल्हा परिषद, यांनाही प्रत द्या. 1977 च्या खासगी शाळा कायद्याखाली चौकशी समिती बसते, तोवर निलंबन होऊ शकतं. संस्था आपणहून करेल असं समजू नका.

बंड्या_डोंबिवली:
म्हणजे फेसबुक नकोच?

धडपड्या:
नको रे. आधी अर्ज, पोच. आणि पीडिताची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे, ताईंनी इथेही शाळा-गाव लिहिलं नाही ते बरं केलं.

निवृत्त_हवालदार:
एक विचारतो, राग मानू नका. भावाला हे करायचं आहे का? जबाब त्यालाच द्यायचाय, पोलिसांपुढे, मग दंडाधिकाऱ्यांपुढे, मग उलटतपासणीत. त्या वेळी बहीण शेजारी बसून उत्तर देऊ शकत नाही.

रानजाई:
"तू बघ काय ते" एवढंच म्हणालाय.

शुभदा_के:
म्हणून तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं...

रानजाई:
बरं, शुभदाताई, तुमचं बरोबर. त्याला उद्या इथे बोलावलंय. अर्ज मी लिहिणार नाही, तो सांगेल तसं लिहायला बसेन. रविवारचं डोक्यातून काढलंय. सत्काराला कोण जातं ते जाऊ दे.

धडपड्या:
पोच मिळाली की तारीख आणि शिक्का दिसेल असा फोटो काढून ठेवा. इथे टाकू नका.