कालव, कालवा की कालवे?

पेठेतला: रविवारी गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून परतताना एका दुकानाच्या पाटीवर वाचलं, ‘ताजे कालवे मिळतील’. मी तिथेच हसलो. पुणेकराला कालवा म्हटलं की खडकवासल्याचं पाणी आठवणार, तो ताजा काय आणि शिळा काय! बायकोचं म्हणणं, पाटी बरोबर आहे, एक कालवा, अनेक कालवे. मला वाटतं, इंग्रजीत ज्याला ऑयस्टर म्हणतात त्याचा मूळ शब्द कालव असावा, पण ‘एक कालव द्या’ असं कुणी म्हणताना ऐकलेलं नाही. लिंग कुठलं? आणि शिंपला, तिसऱ्या, कालव हे सगळं एकच का?

मालवणची माहेरवाशीण: तुम्हीच बरोबर, पण वहिनींना सांगू नका. ते कालव, ती कालवं. आमच्याकडे कालवां. एकवचन ऐकलं नाही म्हणता, कारण तुम्ही ते बाजारात शोधताय. बाजारात एक कोण घेतो? वाटा घेतात. एकवचन खडकावर भेटतं. ओहोटीला खडकांतून चालताना आई ओरडायची, “सांबाळून चल गो, पायाक कालव लागात!” त्याची कड ब्लेडसारखी असते. माझ्या डाव्या टाचेवर अजून वण आहे.

ओळखायची सोपी खूण सांगते. कालवं फोडतात, तिसऱ्या वेचतात. तिसऱ्या वाळू-चिखलात असतात, हात घालून काढायच्या. कालव खडकाला असं चिकटलेलं असतं की अख्खं निघतच नाही. कोयतीच्या टोकाने वरचं झाकण उडवायचं, आतला गोळा काढून भांड्यात टाकायचा. खालची शिंप खडकावरच राहते. म्हणून कालवं तुमच्याकडे पुण्यात येतात ती नुसत्या मांसाची, पाण्यात तरंगणारी, आणि तिसऱ्या येतात शिंपांसकट. त्या विळीवर उघडून एकाच शिंपेत मांस ठेवलं की एकशिपी.

सिंहगड रस्ता: आमच्या घरामागून कालवा जातो. त्यात काय काय सापडतं ते सांगत नाही, पण कालव अजून सापडलेलं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये मुठा उजवा कालवा फुटून दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी शिरलं, तेव्हा उंदीर-घुशींबरोबर खेकड्यांवरही ठपका आला होता. म्हणजे अपृष्ठवंशी प्राण्यांचा आणि कालव्याचा संबंध अगदीच नाही असं नाही.

निवृत्त मास्तर: व्याकरणाचा निकाल सामान्यरूपात लागतो. कालवा पुल्लिंगी, म्हणून कालव्याचं पाणी, कालव्यांची दुरुस्ती. कालव नपुंसकलिंगी, म्हणून कालवाची कड, कालवांचं कालवण. ‘कालव्यांचं कालवण’ लिहिलंत तर पाटबंधारे खात्याची परवानगी लागेल. कालवण या शब्दाचा मात्र दोघांशीही संबंध नाही, ते कालवणे या क्रियापदावरून आलं.

आता प्राणिशास्त्र. ताईंची ‘फोडतात आणि वेचतात’ ही खूण मला फार आवडली. चाळीस वर्षं वर्गात मृदुकाय संघ शिकवला, पण इतकं सुटसुटीत सांगता आलं नाही. दोघेही मृदुकायच, दोघांनाही दोन शिंपा. पण तिसरीला मांसल पाय असतो, त्याने ती वाळूत रुतून बसते आणि दोन नळ्या वर काढून पाणी आत-बाहेर करते. कालवाला मोठेपणी पायच नसतो. लहानपणी असतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं, मग पाय फुटतो, त्या पायाने जागा चाचपतं, आणि पसंत पडली की डावी शिंप सिमेंटसारख्या स्रावाने खडकाला चिकटवून टाकतं. त्यानंतर पाय झिजून जातो. जन्मभर हलायचं नाही. ताई ज्याला खालची शिंप म्हणतात ती हीच डावी. ती खोलगट असते, उजवी चपटी असते.

जागा पसंत करताना आधीच्या कालवांचा रासायनिक वास पिल्लाला ओढून घेतो. म्हणून कालव एकटं नसतं, थरावर थर चढतात, आणि त्यांच्या फटींत छोटे खेकडे, कृमी, गोगलगायी बिऱ्हाड करतात. अन्नासाठी फिरता येत नाही, म्हणून कल्ल्यांनी पाणी गाळायचं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं पूर्ण वाढलेलं कालव अनुकूल स्थितीत दिवसाला १९० लिटरच्या आसपास पाणी गाळतं. यातच एक धोकाही आहे. पाणी घाण असेल तर तीही त्याच्या अंगात साठते. सांडपाणी सुटतं त्या खाडीची कालवं अर्धीकच्ची खाऊ नयेत.

पेठेतला: सर, मग मोती? लक्ष्मी रस्त्यावर सराफ सांगतात शिंपल्यातला मोती, कालवातला कुणी म्हणत नाही.

निवृत्त मास्तर: भाषेला बरोबर कळलंय. मोत्याचा शिंपला वेगळ्या कुळातला, तो धाग्यांनी खडकाला बांधलेला असतो, चिकटलेला नसतो. कच्छ आणि मन्नारच्या आखातात मिळतो. त्याच्या शिंपेला आतून मोत्याची झळाळी असते, म्हणून मोत्यालाही येते. खायच्या कालवात क्वचित खडा सापडतो, पण तो चिनी मातीसारखा मंद. इंग्रजीत मात्र दोघांना ऑयस्टर हा एकच शब्द आहे. त्यामुळे भाषांतरात ‘कालवात मोती सापडला’ असं वाचायला मिळतं, ते टाळावं. शिंपला म्हणजे कवच, आणि सैलपणे कुठलाही दोन शिंपांचा जीव. कालव म्हणजे फक्त हा खडकाला चिकटलेला.

मालवणची माहेरवाशीण: आमच्याकडे खडा लागला की आजोबा म्हणायचे, दात सांभाळा. मोती कुणी म्हटलं नाही.

पेठेतला: काल मुद्दाम त्या दुकानात जाऊन मालकांना सगळं समजावलं: कालव, कालवं, नपुंसकलिंग. त्यांनी मान डोलावली. आज तिकडून गेलो तर पाटी तीच, खाली खडूने एक शब्द वाढवलाय: ‘संपले’.