अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल टीमची किंमत अब्ज डॉलरवर कशी काय जाते?

पेठेतला_विंगर
भावांनो एक विचारायचं होतं. टेक्सास युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागाचं २०२३-२४ या एका वर्षाचं उत्पन्न ३३ कोटी डॉलरच्या वर, म्हणजे आपले पावणेतीन हजार कोटी, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा फुटबॉलचा (त्यांचं फुटबॉल, अंडाकृती बॉलचं). वर अशा टीमची किंमत अब्ज डॉलरच्या पुढं धरतात. कॉलेजची टीम कोण विकत घेणार हाय? मग किंमत कशाची? आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण या तालमींच्या फुटबॉल टीम समोरासमोर आल्या की आपल्याकडंपण लई गर्दी असते, मग पैसा तिकडंच का?

रंकाळा_कट्टा
गर्दीचा पैसा हाय, पण खरा पैसा टीव्हीचा. मिशिगनचं स्टेडियम १,०७,६०१ माणसांचं, आणि मोठ्या टीमकडं चांगली सीट पाहिजे तर तिकिटाच्या आधी देणगी द्यावी लागते, तरीपण एवढ्यावर अब्ज होत नाहीत. १९८४ पर्यंत कुठल्या मॅच टीव्हीवर दाखवायच्या, किती दाखवायच्या हे एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची वरची संघटना ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया युनिव्हर्सिटी कोर्टात गेल्या, सुप्रीम कोर्टानं ती मक्तेदारी मोडली आणि हक्क कॉलेजं आणि त्यांच्या कॉन्फरन्सच्या (एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) हातात आले. सगळं तिथनं बदललं बघ. बिग टेन कॉन्फरन्सचा २०२२ चा करार ७ वर्षांचा, ७०० कोटी डॉलरच्या वर, फॉक्स, सीबीएस, एनबीसी या तीन टीव्ही कंपन्यांबरोबर. हंगामाच्या शेवटच्या बाद फेरीसाठी, म्हणजे प्लेऑफसाठी, ईएसपीएन हे खेळाचं चॅनल ६ वर्षांत ७८० कोटी डॉलर देणार. स्टॅनफर्ड कॅलिफोर्नियात, पण २०२४ पासनं खेळतंय पार दुसऱ्या टोकाच्या अटलांटिक कोस्टच्या कॉन्फरन्समध्ये, कारण जुनी कॉन्फरन्स टीव्ही कराराच्या ओढाताणीत फुटली.
किंमत काढणारे वर्षाला किती येतंय, किती उरतंय, करार किती वर्षं पक्का हे बघतात आणि प्रो (व्यावसायिक) टीम उत्पन्नाच्या किती पटीला विकल्या जातात त्या मापानं आकडा लावतात. विक्री होत नाही, अंदाजच तो.

गोलकीपर_राजारामपुरी
आणि हे सगळं कमावणाऱ्या पोरांना इतकी वर्षं स्कॉलरशिप, राहणं, खाणं एवढंच, याचा मला राग येतो. स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा २०२१ ला मिळाली, आणि कॉलेजनं थेट पैसे द्यायचं तर जुलै २०२५ पासनं सुरू झालं, तेपण कोर्टातल्या तडजोडीमुळं, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळाडूंसाठी मिळून २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. दुसरीकडं टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीनं २०२३ ला कोच जिम्बो फिशरला काढलं तेव्हा करारापोटी त्याला साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं लागत होतं. एका माणसाला, काम बंद करण्यासाठी!

तांबडी_माती
राग बरोबर हाय भावा, पण दुसरी बाजूपण बघ. तिथं पोहणं, धावणं, कुस्ती या खेळांचा खर्च बऱ्याच ठिकाणी फुटबॉलच उचलतं. ज्या कॉलेजांना मोठा टीव्ही करार नाही ती मात्र पोरांच्या फीमधनं आणि युनिव्हर्सिटीच्या पैशातनं टीम चालवतात, आणि अशीच कॉलेजं जास्त. आपल्याकडं राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी घर गहाण ठेवलं तेव्हा पैलवान खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जाऊ शकले. कॉलेजच्या खेळाला स्वतःचं उत्पन्न असलं की अशी वेळ सरांवर कशाला येईल?

पेठेतला_विंगर
खर्डेकर सरांचं लई पटलं. म्हणजे मुद्दा हक्क कुणाच्या हातात हाय याचा. आपल्या मॅच आता लोक मोबाईलवर लाईव्ह बघतात, गावाबाहेर असलेले तर आवर्जून. त्या प्रक्षेपणातनं जे येईल त्यातला ठरावीक हिस्सा तालमींना आणि खेळणाऱ्या पोरांना, असं हंगाम सुरू व्हायच्या आधीच लिहून घेता येईल का? केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) नियमांची माहिती असणारं कोण असेल तर सांगा, नीट अर्ज करूया.