मॅक्स_कनेक्शन्स ५०० करा म्हणे!

खडूस_डीबीए: काल इथे कुणी सल्ला दिलाय: पोस्टग्रेस डेटाबेस ‘टू मेनी क्लायंट्स’ म्हणाला की मॅक्स_कनेक्शन्स, म्हणजे एकावेळच्या कनेक्शनची मर्यादा, ५०० करा, रिस्टार्ट मारा, विषय संपला. विषय नाही हो, रॅम संपते! दर कनेक्शनला वेगळी प्रोसेस लागते. आधी हिशोब करा. डिफॉल्ट १००, त्यातली ३ सुपरयूझरला (सगळे अधिकार असलेल्या खात्याला) राखीव, उरली ९७. डेटाबेसशी बोलणाऱ्या एसक्यूएलअल्केमी लायब्ररीचा पूल (उघडी ठेवलेली कनेक्शन) ५, वर गरजेपुरता ओव्हरफ्लो १०. ॲप चालवणाऱ्या गनिकॉर्न सर्व्हरचे ८ वर्कर, प्रत्येकाचा पूल वेगळा. १५ गुणिले ८, १२०, म्हणजे ९७च्या वर. ओव्हरफ्लो ५ वर आणा, ८० होतील. मायग्रेशनला (टेबलांची रचना बदलायला), पीएसक्यूएलला (हाताने क्वेरी मारायला) जागा उरेल.

रात्रपाळी: ५०० वाला मीच. साइट आडवी पडलेली असताना पाढे म्हणत बसू? रिकामं कनेक्शन फारसं खात नाही.

खडूस_डीबीए: आणि क्वेरी चालू झाली की? वर्क_मेम, म्हणजे क्वेरीच्या कामाची मेमरी, ४ एमबी, तेही दर सॉर्टला, दर हॅशला वेगळं. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी उघडा, कुठलं कनेक्शन काय करतंय ते दिसतं. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ची (व्यवहार अर्धवट उघडा ठेवून बसलेल्यांची) रांग दिसली तर कुठेतरी कमिट-रोलबॅक राहिलंय. मग ५०० सुद्धा भरतील, जरा उशिरा. आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट मुळात ० म्हणजे बंद असतो, तो ६० सेकंद करा. चुकार कोड लॉगमध्ये सापडेल.

कंटेनरकर: तुमची भांडणं कनेक्शन लागल्यानंतरची. इथे निम्म्यांचं लागतच नाही! डॉकर कंपोजमध्ये ॲप आणि डेटाबेस वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालतात, तरी डेटाबेसचा होस्ट ‘लोकलहोस्ट’ लिहितात. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तोच कंटेनर. कंपोजमधलं डेटाबेस सर्व्हिसचं नाव लिहा.

शंकासुर: पोर्ट्स ५४३३:५४३२ आहे. नाव लिहूनही ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’.

कंटेनरकर: ५४३३ कंटेनरांच्या बाहेरून येणाऱ्यांसाठी. आतल्या ॲपने पोस्टग्रेसचा ५४३२च वापरायचा. रिफ्यूज्ड म्हणजे त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये. नुसतं लटकून टाइमआउट झालं तर फायरवॉल बघायची.

रात्रपाळी: कंपोजमध्ये डिपेंड्स_ऑन टाका, डेटाबेसनंतर ॲप सुरू होईल, झालं.

कंटेनरकर: झालं कसलं! नुसतं डिपेंड्स_ऑन कंटेनर सुरू होईपर्यंतच थांबतं, डेटाबेस तयार होईपर्यंत नाही. ‘डेटाबेस तयार आहे का’ विचारणाऱ्या पीजी_इझरेडीचा हेल्थचेक द्या, कंडिशन सर्व्हिस_हेल्दी लिहा. दर आठवड्याला हेच सांगायचं?

खडूस_डीबीए: धागा डॉकरचा नव्हता. रात्रपाळी, सामान्य यूझरला बहुधा ‘टू मेनी क्लायंट्स’च्या आधी ‘स्लॉट्स आर रिझर्व्ह्ड’ (उरलेल्या जागा राखीव) दिसतं. तुमचं ॲप सुपरयूझरने चालत नाही ना?

रात्रपाळी: ...चालतंय, बदलतो. ५०० मागे घेतो, २०० वर ठाम. मध्ये बसून थोडी कनेक्शन अनेकांना वाटणारा पीजीबाउन्सर लावा म्हणालात तर त्याच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (कनेक्शन एका व्यवहारापुरतंच मिळतं) लिसन, म्हणजे डेटाबेसच्या सूचना ऐकत राहणं, चालत नाही, हेही सांगा.

खडूस_डीबीए: चालत नाहीच. लिसनवाल्या वर्करला थेट ५४३२ द्या, बाकीच्यांना पीजीबाउन्सरचा ६४३२. आणि २०० करताना रॅम किती आहे ते तरी बघा.