क्यू, झेड, एक्स, जे असलेले छोटे इंग्रजी शब्द अर्थासह हवे आहेत

शब्दजिज्ञासू : नमस्कार. मी अलीकडे स्क्रॅबल हा पटावर अक्षरे जुळवून इंग्रजी शब्द मांडण्याचा खेळ नियमितपणे खेळू लागलो आहे. क्यू आणि झेड ही १० गुणांची किंवा जे आणि एक्स ही ८ गुणांची अक्षरे हाती आली की मला धास्तीच वाटते, कारण त्यांच्यासाठी मोठा शब्द जुळत नाही आणि डाव संपेपर्यंत ती हातातच राहिली तर तेवढे गुण वजा होतात. दोन-तीन अक्षरी शब्दांच्या याद्या सहज मिळतात, परंतु त्यांत अर्थ नसतात आणि अर्थ ठाऊक नसलेला शब्द माझ्या लक्षात राहत नाही. विशेषतः क्यूनंतर यू नसलेले शब्द कोणते आणि ते इंग्रजीत कुठून आले, हे कोणी सांगू शकेल का?

अक्षरयात्री : क्यूनंतर यू लिहिण्याची रीत मूळची लॅटिनची आहे. जुन्या इंग्रजीत ‘क्वीन’ हा शब्द सी-डब्ल्यूने सुरू होत असे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी तेथे क्यू-यू रूढ केले. म्हणून यूशिवायचा क्यू दिसला की तो शब्द बाहेरून आलेला आहे असे बहुधा खुशाल समजावे.

यांतील बरेच शब्द अरबीतून आले आहेत. अरबीत ‘काफ’ नावाचे, घशातून उच्चारले जाणारे एक अक्षर आहे आणि रोमन लिपीत ते क्यूने दाखवतात. क्यू-ए-टी म्हणजे पूर्व आफ्रिकेत आणि अरबस्तानात ज्याची उत्तेजक पाने चघळतात ते झुडूप. क्यू-ए-डी-आय म्हणजे आपल्या ओळखीचा काझी. फकीर, तलाक आणि निकाब हे शब्दही क्यू घालून लिहिलेले चालतात, त्यामुळे मराठी माणसाला ते नव्याने पाठ करावे लागत नाहीत, फक्त क्यू कुठे येतो तेवढे ध्यानात ठेवावे लागते.

सर्वांत उपयोगी शब्द मात्र चिनीतून आलेला आहे. क्यू-आय, उच्चार ‘ची’, म्हणजे चिनी विचारातील प्राणशक्ती. चिनी भाषेच्या रोमन लेखनपद्धतीत क्यूचा उच्चार साधारण ‘च’सारखा होतो, म्हणून हे स्पेलिंग. स्क्रॅबलमध्ये मान्य असलेल्या शब्दांच्या उत्तर अमेरिकेतील सूचीत तो २००६ मध्ये आला. याच कल्पनेचे जपानी रूप के-आय हेही चालते. क्यू सोडवण्यासाठी एकच आय पुरतो, हे कळल्यावर खेळण्याची पद्धतच बदलते.

पटावरचा : एक्सला मी सर्वांत मोलाचे अक्षर मानतो, कारण ए, ई आणि ओ यांच्यापुढे ते लावले की अनुक्रमे कुऱ्हाड, पूर्वीचा जोडीदार आणि बैल असे तीन शब्द होतात. शिवाय एक्स-आय हे ग्रीक अक्षर आहे आणि एक्स-यू हे व्हिएतनामचे नाणे, डोंगचा शंभरावा भाग. समजा, अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या चौकोनात एक्स अशा रीतीने ठेवला की आडवा ओ-एक्स आणि उभा ए-एक्स असे दोन्ही शब्द त्याच एक्सवर संपतात, तर प्रत्येक शब्दाचे २५ (एक्सचे २४ आणि दुसऱ्या अक्षराचा १) याप्रमाणे ५० गुण मिळतात. हातातील सातही अक्षरे एकदम वापरणाऱ्या शब्दासाठी अडून बसण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

जे-ओ हा स्कॉटलंडमधील शब्द असून त्याचा अर्थ प्रियकर किंवा प्रेयसी. झेड-ए हे पिझ्झाचे अमेरिकी बोलीतील लघुरूप आहे. झेड-ओ म्हणजे याक आणि गाय यांचा संकर. तो उत्तर अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या कॉलिन्सच्या सूचीत आहे, उत्तर अमेरिकेच्या सूचीत नाही. म्हणून कोणती सूची प्रमाण धरायची, हे डाव सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

सूचीप्रेमी : अर्थाचा आग्रह अनिवार्य आहे असे मला वाटत नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. अक्षरांचा आकृतिबंध डोळ्यांत बसला की पुरे.

अक्षरयात्री : रिचर्ड्स यांची स्मरणशक्ती असामान्य आहे आणि तिच्यावरून इतरांसाठी नियम काढता येणार नाही. सामान्य खेळाडूला शब्दाची गोष्ट हाच आधार असतो. झेड-ए-एक्स म्हणजे छपराच्या पाटीदगडांना आकार देण्याचे हत्यार, हे एकदा वाचले की ती तीन अक्षरे विसरणे अवघड जाते.

शब्दजिज्ञासू : सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्हीबद्दलही विचारतो : दोन अक्षरी शब्दांत व्ही मला कुठेच सापडला नाही. नजरचुकीने राहून गेला आहे का?

अक्षरयात्री : नाही, दोन्ही सूचींत व्ही असलेला एकही दोन अक्षरी शब्द नाही. पूर्वी यू आणि व्ही ही एकाच अक्षराची दोन रूपे होती आणि शब्दाच्या शेवटी व्ही उघडा ठेवत नसत, त्याच्यामागे ई लावत. ‘हॅव’, ‘गिव’ आणि ‘लव्ह’ यांच्या शेवटचा ई त्यातूनच आला. त्यामुळे व्हीला लागून समांतर शब्द मांडणे फार कठीण जाते, कारण शेजारच्या अक्षराशी व्हीचा दोन अक्षरी शब्द जुळतच नाही. तुम्ही आघाडीवर असाल तर पटाची मोकळी बाजू बंद करण्यासाठी हाच व्ही वापरा. व्ही-यू-जी हा त्यासाठी चांगला शब्द आहे. खडकातील, आत स्फटिक जमलेली लहान पोकळी असा त्याचा अर्थ आहे.