कौन्सिलचं अनुदान आणि आपली छोटी मंडळं : तुमचे अनुभव लिहा

हिशेबवही

इंग्लंडात येऊन मला 19 वर्षं झाली. त्यातली पंधरा-सोळा वर्षं कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, म्हटलं की कचऱ्याचे डबे आणि कौन्सिल टॅक्सचं बिल, एवढीच ओळख होती. मग घराजवळच्या ज्येष्ठांच्या क्लबात नुसती मदतीला म्हणून गेले. वार्षिक सभेत कोणीतरी म्हणालं, आधीच्या खजिनदारांना आता आकडे दिसत नाहीत, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हापासून वह्या माझ्याकडे.

क्लब बुधवारी दुपारी दोन तास भरतो. पहिलं अनुदान मिळालं 850 पाउंडांचं. त्यातून 12 खुर्च्या घेतल्या, हात असलेल्या. हॉलमधल्या खुर्च्या एकावर एक रचायच्या, बिनहाताच्या. त्यांतून उठायला आमच्या निम्म्या मंडळींना कोणाचा तरी आधार लागतो. तो मागायचा संकोच, म्हणून मध्येच बाथरूमला जायची वेळ येऊ नये ही धास्ती, आणि म्हणून चहाला 'नको नको'. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं आमचा चहाच वाईट असतो. नव्या खुर्च्या आल्यावर तिसऱ्या बुधवारी दूध कमी पडलं, तेव्हा ट्यूब पेटली.

अर्जात रकाना होता, 'या प्रकल्पामुळे रहिवाशांचा एकटेपणा किती कमी होईल?' मी काहीतरी गुळगुळीत लिहून दिलं. 'दूध जास्त लागेल' असं लिहायला हवं होतं.

इथे बरेच जण कुठल्या ना कुठल्या मंडळात राबतात हे ठाऊक आहे. किती पैसे मिळाले हे सांगाच, पण ते नेमके कशावर गेले आणि त्यानं कोणाचं काय झालं, ते जास्त सांगा. कौन्सिलांची आणि माणसांची नावं नकोत.

मिनीबसवाला

आमच्या मंडळाची बस कौन्सिलच्या पैशावर चालते असं लोक म्हणतात. खरं तर डिझेल प्रवाशांच्या भाड्यातून निघतं. अनुदान जातं ते विमा, दुरुस्ती, व्हीलचेअर चढवायच्या लिफ्टची तपासणी आणि फोन उचलणाऱ्या बाईंचा पगार, यावर.

थोडं तांत्रिक सांगतो, कारण इथेच बरीच मंडळं अडतात. 1985 च्या ट्रान्सपोर्ट ॲक्टमधल्या कलम 19 खाली नफा न कमावणाऱ्या संस्थेला परमिट मिळतं. मग बसकंपनीचा पूर्ण परवाना न काढता, भाडं घेऊनही आपल्या लोकांची ने-आण करता येते. परमिट सोपं आहे, ड्रायव्हर अवघड. ज्यांनी गाडीची परीक्षा 1 जानेवारी 1997 च्या आधी पास केली, त्यांच्या लायसन्सवर मिनीबसचा डी-वन गट आपसूक असतो. त्यानंतरच्यांना हलकी मिनीबस काही अटींवर चालवता येते, पण आमची लिफ्टवाली त्या वजनात बसत नाही. म्हणजे आपसूक डी-वन मिळालेला सगळ्यात तरुण माणूसही आता पंचेचाळिशी ओलांडलेला. आणि सत्तरी आली की तो गट टिकवायला डॉक्टरी तपासणी. आमचे तीन ड्रायव्हर एकाच वर्षात सत्तर झाले, त्यातल्या दोघांनी 'राहू दे आता' म्हटलं.

मी इथली परीक्षा 2006 साली दिलेली, म्हणून मला डी-वनची वेगळी परीक्षा द्यावी लागली. फी, शिकवणीचे तास, सगळं अनुदानातून. अर्जात त्याला 'क्षमतावाढ' म्हणतात. मी बायकोला सांगितलं, माझी क्षमता वाढतेय, ती म्हणाली, शनिवारची भांडी कोण घासणार?

फोनवाल्या बाईंचं मात्र लिहायलाच हवं. आठवड्याला 16 तास. कोणाला दाराला कुलूप लावायला सात मिनिटं लागतात, कोणाच्या गल्लीत बस वळत नाही, कोणत्या दोघी शेजारी बसल्या की भांडतात, सगळं त्यांच्या डोक्यात. एकदा एका आजोबांनी सलग दोन मंगळवार खरेदीची फेरी रद्द केली. बाईंनी बस नाही पाठवली, मला पाठवलं. आजोबांचा चष्मा फुटला होता आणि त्यांना यादी लिहिता येत नव्हती, एवढंच. 'यादी नाही तर दुकानात जाऊन काय करू?' मग फेरी डोळ्यांच्या दवाखान्याकडे वळली. बसवर आपलं नाव रंगवून देणारे दाते मिळतात, बाईंच्या 16 तासांवर नाव रंगवता येत नाही. ते कौन्सिलनंच दिले.

रिकामं कपाट

आम्ही फूड बँक चालवतो. एक बाई पिशवीतला पास्ता दर वेळी परत ठेवायची. मला वाटलं, आवडत नसेल. चौथ्या-पाचव्या खेपेला हळूच म्हणाली, शिजवावं न लागणारं काही आहे का? घरी प्रीपेमेंट मीटर, म्हणजे आधी पैसे भरले तरच वीज-गॅस, आणि त्यात पैसे नव्हते.

ऑक्टोबर 2021 मध्ये सरकारनं अडचणीतल्या घरांसाठी हाउसहोल्ड सपोर्ट फंड काढला, तो कौन्सिलांच्या हातून वाटला जायचा. त्यातला हिस्सा आमच्याकडे आला तेव्हा मीटरची व्हाउचरं देता यायला लागली. नुसतं धान्य देण्यात आणि यात किती फरक आहे, तो त्या पास्त्यावरून समजा.

पण हा फंड म्हणजे जीव टांगणीला. 2024 साली तो 31 मार्चला संपणार होता. मुदतवाढ जाहीर झाली 6 मार्चच्या अर्थसंकल्पात, तीही सहा महिन्यांची. आम्ही तोवर फ्रीझर ठेवायची भाड्याची खोली सोडून बसलो होतो. फ्रीझर एका सभासदाच्या गॅरेजात गेला आणि अजून तिथेच आहे.

नकारघंटा

आमचं थोडक्यात. पहिल्या वर्षी अर्ज नाकारला, कारण 'संस्थेकडे पुरेशी शिल्लक आहे'. आम्ही शिल्लक खर्च केली. दुसऱ्या वर्षी नाकारला, कारण 'आर्थिक स्थैर्य दिसत नाही'.

टेबलापलीकडे

नकारघंटा, हसू आलं, पण मी त्या टेबलाच्या पलीकडे बसतो म्हणून दोन शब्द. मी एका खेड्यातल्या पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या मंडळावर, आहे. बिनपगारी.

आम्ही मंडळांना देतो ते बहुतेक 1972 च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टच्या कलम 137 खाली. त्यात दर मतदारामागे वर्षाला किती खर्च करता येईल याची कमाल मर्यादा असते, 2024-25 साठी ती 10 पाउंड 81 पेन्स होती. दोन हजार मतदारांचं गाव धरा, 21,620 पाउंड झाले. प्रत्यक्षात आम्ही त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास वाटतो, कारण तो पैसा गावकऱ्यांच्याच कौन्सिल टॅक्समधून येतो आणि त्यातले काही जण बैठकीला येऊन मागे बसतात. अट अशी की खर्चाचा थेट फायदा आपल्या भागाला किंवा तिथल्या रहिवाशांना व्हायला हवा, आणि तो खर्चाच्या मानानं असावा.

निर्णय कसा होतो? गारठलेल्या हॉलमध्ये सात माणसं, अकरा अर्ज, पाऊण तास. 'सर्वसमावेशक सक्षमीकरण' असले शब्द आले की आमच्या अध्यक्षीणबाई चष्मा काढून ठेवतात. 'गावातले 23 जण येतात, हॉलचं भाडं तासाला इतकं, हे दोन दुकानांचे भाव' असं लिहिलं की चष्मा परत चढतो. शिल्लक असेल तर ती कशासाठी राखून ठेवलीय ते एका ओळीत लिहा. 'तीन महिन्यांचं भाडं आणि बॉयलर' एवढं पुरतं. ते नसलं की आम्ही वाईटच अर्थ काढतो, हे कबूल.

आणि हो, माझी बायको ज्या वाचनगटात आहे त्यांचा अर्ज आला की मी हितसंबंध जाहीर करून बाहेर पडवीत उभा राहतो. पावसात.

पायपीट

मी उलटं लिहिणार. आम्ही चालणाऱ्यांचा गट. 400 पाउंड घेतले, प्रथमोपचाराचं शिक्षण आणि रंगीत जाकिटं. वर्षअखेरीस माहिती मागवली. प्रत्येकाचं वय, वंश, पोस्टकोड, अपंगत्व, 'चालल्यानं तुम्हाला दहापैकी किती बरं वाटतं'. आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, मी इथे कोणी काही विचारत नाही म्हणून येते. फॉर्म हातात दिला त्या दिवसापासून आल्या नाहीत. पुढच्या वर्षी अर्जच केला नाही. जाकिटं अजून टिकलीत.

हिशेबवही

पायपीट, पटलं. पण तुम्हाला छप्पर लागत नाही हो. आमच्या खर्चातले साठ टक्के नुसतं हॉलचं भाडं आहे. आम्ही फॉर्म चहाच्या टेबलावर ठेवतो, निनावी, वाटेल त्यानं भरावा. निम्मेच भरले जातात. तेवढेच पाठवते आणि तसं लिहिते. आजवर कोणी हरकत घेतली नाही.

गप्पांचा वर्ग

नव्यानं आलेल्या बायकांसाठी आम्ही इंग्रजी बोलायचा वर्ग घेतो. शिक्षिका निवृत्त, एक पैसा घेत नाही. अनुदान होतं ते शेजारच्या खोलीत मुलं सांभाळणाऱ्या दोघींसाठी. दोन वर्षांनी ते संपलं, कारण योजना 'नवीन' कामांसाठीच होती. आम्हाला वाटलं, शिक्षिका आहे, खोली आहे, चालेल. चौदाच्या पाच झाल्या. त्या पाचही जणींची मुलं शाळेत जाणारी. जिला अजून दवाखान्यात फोन करून वेळ घेता येत नाही तिच्या कडेवर बाळ असतं, आणि तीच यायची थांबली.

पुढच्या फेरीत तोच वर्ग, तीच खोली, त्याच दोघी, पण नाव बदलून अर्ज केला. मिळालं! नवीन काय, तर नाव. मला यात अपराधी वाटत नाही. थोडंसं वाटतं.

नवखी

आम्ही पाच जणी आहोत, अपंग मुलांच्या आयांचा गट सुरू करतोय. खातं नाही, नोंदणी नाही. अर्ज करता येतो का? आधी चॅरिटी व्हावं लागतं का?

हिशेबवही

लहान अनुदानांना सहसा नाही लागत. इंग्लंड-वेल्समध्ये साधारण नियम असा की चॅरिटीचं वार्षिक उत्पन्न 5,000 पाउंडांच्या वर गेलं की चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करायची. सुरुवातीला गटाची लिखित घटना, म्हणजे नियमावली, हवी, साधी दोन पानी चालते. गटाच्या नावानं बँक खातं, दोन सह्यांचं. सह्या करणारे एकाच घरातले नकोत. मुलं येणार म्हणजे बालसुरक्षेचं धोरण आणि स्वयंसेवकांची डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची. स्वयंसेवकांना तिची सरकारी फी पडत नाही. शिवाय विमा. तुमच्या भागात स्वयंसेवी संस्थांना मदत करणारं केंद्र, सीव्हीएस, असेल तर तिथे नमुने मिळतात.

सगळ्यात आधी खात्याचा अर्ज टाका. आमचं उघडायला तीन महिने लागले आणि तोवर मंजूर झालेला चेक माझ्या शिवणाच्या डब्यात पडून होता.

मिनीबसवाला

हिशेबवही, त्या खुर्च्यांची चौकशी करायची होती. आमच्या प्रतीक्षाखोलीत बसवायच्यात. हातांची उंची किती ठेवली?

हिशेबवही

मापाच्या भानगडीत पडले नाही. गुडघे सगळ्यात जास्त दुखणाऱ्या दोन सभासदांना घेऊन दुकानात गेले आणि म्हटलं, बसा-उठा. नवव्या खुर्चीवर एकजण बसल्या त्या उठेचनात. मी घाबरले. म्हणाल्या, 'उठता येतंय गं, पण आता जरा बसू दे.' ती घेतली.